वीस नंबरची बाटली

सोमवार, ५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींनाही सांगा. तुम्ही दोघं बरे आहात असं धरूनच लिहायला बसले आहे, कारण फोन केला की तुम्ही "बरं आहे सगळं, हे घे, यांच्याशी बोल" एवढं म्हणून फोन भाऊजींच्या हातात देता, आणि भाऊजी घराच्या डागडुजीपलीकडे काही सांगत नाहीत. मागच्या वेळी त्यांनी मला दहा मिनिटं गच्चीतल्या पाण्याच्या टाकीची हकिकत सांगितली. टाकी आता गळत नाही, हे ऐकून समाधान वाटलं. तुमच्याबद्दल मात्र एवढंच कळलं की तुम्ही अजून हॉस्पिटलच्या चादरींच्या विभागात आहात आणि पाठ अधूनमधून धरते.

आज पार्लर बंद. कामाच्या दोघी मुली सुट्टीवर आहेत. मी एकटीच वाट बघणाऱ्यांच्या बाकावर बसून लिहिते आहे. दुपारचे तीन वाजलेत, समोर तीन आरसे आणि तिन्हींत मी. आपण दोघी जावांनी उघडलं तेव्हा एकच आरसा होता आणि त्याच्या कोपऱ्याला तडा होता. तुम्ही त्यावर पाटी चिकटवली होती, "तडा आरशाला आहे, तुम्हाला नाही." बायका वाचून हसायच्या आणि मग बिनधास्त बसायच्या.

बातमी अशी की मी आता शिकवणार आहे. एकेकीला नाही, गटाला. ज्या बायका घरी केस कापतात किंवा दुसऱ्याच्या पार्लरमध्ये राबतात आणि ज्यांना स्वतःचं काढायचं आहे, अशा बारा जणींचा गट. आठ आठवडे, दर गुरुवारी दुपारी, मोबाईलवर, व्हिडिओनं समोरासमोर. नाव ठेवलंय "पहिली खुर्ची". जागा कशी बघायची, कामाला मुली कशा निवडायच्या, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा कसं येईल, रागावलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, सगळं त्यात आहे. सात मार्चला पहिला वर्ग. अकरा नावं आलीत, बारावी "यांना विचारून सांगते" म्हणाली आहे, म्हणजे बघू.

तयारी म्हणाल तर माझी नुसती धांदल उडाली आहे. पहिला धडा मी घरी यांच्यावर करून पाहिला. यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "समजा, तुम्हाला स्वतःचं पार्लर काढायचं आहे." हे डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "मला काय, टकलाचं?" तरी बिचारे पाऊण तास बसले. शेवटी शंका विचारा म्हटलं, तर म्हणाले, "जेवायला कधी?" गोल दिव्याचा एक स्टँड आणलाय, तो तोंडावर लावला की डोळ्यांत दोन बांगड्या दिसतात. मुली म्हणतात, मॅडम, तुम्ही हिरॉईन दिसता. मला मी पोलिसांनी पकडल्यासारखी दिसते.

तुम्हाला लिहायचं कारण वेगळं आहे. केस कापायचा सराव कसा करायचा, यावर एक अख्खा वर्ग आहे. आणि मला येतो तो सराव एकच, तुमचा. तुम्ही मला फरशी पुसायच्या मॉपवर शिकवलंत. दोऱ्यांचे नऊ भाग करायचे, रबर लावायचे, रोज एकच भाग कापायचा, आणि संध्याकाळी तुम्ही कंगवा फिरवून लांब-आखूड दोरे मोजायच्या. "आज सतरा चुकले. उद्या पंधरा." तीन महिन्यांनी शून्य झाले तेव्हा तुम्ही तो मॉप फेकून दिलात आणि स्वतःचे केस सोडून खुर्चीवर बसलात. "आता माझे काप." मी कात्री धरून मागे उभी राहिले आणि तुम्ही मासिक वाचत होतात. आरशात एकदाही मान वर करून पाहिलं नाहीत.

ती पद्धत मी वापरू का? तुमचं नाव सांगूनच वापरीन.

अजून एक. कुणीतरी दुसरीकडून ऐकण्याआधी मीच सांगते. मागच्या आठवड्यात मी लोकांना फुकट एक तासाचा वर्ग दिला. नोंदणीआधी असं करायचं असतं म्हणे. धंद्याचे धडे देणारे एक सर आहेत, त्यांनी माझी सगळी आखणी करून दिली. ते म्हणाले, मॅडम, तुमच्या पडत्या काळाची एक गोष्ट सांगा, त्याशिवाय लोक तुमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. मग मी मुख्याध्यापिकाबाईंची गोष्ट सांगितली. सात वर्षांपूर्वी आपल्याकडे त्यांचं डोकं पोळलं, गिऱ्हाईक कसं तुटलं, आणि मग मी एकटीनं कसं परत उभं केलं. "माझ्या जोडीदारीणबाई" एवढंच म्हटलं, नाव घेतलं नाही. त्रेचाळीस जणी ऐकत होत्या. बऱ्याच जणींनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

वाईट असं काही बोलले नाही. पण तुम्हाला माहीत असावं.

स्वयंपाकघरात स्टूल टाकून शेजारणींचे केस कापणारी एक जण होती त्यात. तिनं शेवटी विचारलं, "मॅडम, त्या बाईंना परत कुणी बोलावलं नाही का?" मी म्हटलं, त्यांनी स्वतःच सोडलं. ती म्हणाली, "अच्छा." एवढंच.

असो. मॉपचं कळवा. दोन ओळीही पुरतील. पाठीला शेक देत जा.

तुमची,
छोटी


शुक्रवार, १६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुमचं पत्र बुधवारी आलं. पोस्टमननं दिलं तेव्हा माझे हात रंगाने बरबटलेले होते, म्हणून मुलीला म्हटलं, वाचून दाखव. तिनं मोठ्यानं वाचलं. मधेच थांबली आणि म्हणाली, "मॅडम, हे तुम्हीच वाचा."

तुम्ही लिहिलंय ते मी इथे पुन्हा उतरवते, म्हणजे पुढचं मी कशाबद्दल बोलते आहे ते नीट कळेल.

"छोटी, मॉपची पद्धत खुशाल वापर. माझं नाव मात्र कुठे घालू नकोस. ज्या बाईनं फोनवर बोलण्याच्या नादात दुसरीचं डोकं जाळलं, तिचं नाव शिकवण्याच्या कागदावर शोभत नाही. तुझं चांगलं चाललंय, बरं वाटलं."

ताई, ते मधलं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मला वाटलं, तुम्ही टोमणा मारताय. मग तुमचं अक्षर पाहिलं. टोमणा मारताना तुमचं अक्षर तिरकं होतं, हे सरळ होतं. म्हणजे तुम्हाला खरोखर तसं वाटतं. सात वर्षं तुम्हाला तसंच वाटत आलंय.

मी समजत होते की तुम्हाला माहीत आहे.

आता लिहिते. तुम्ही उभ्या असाल तर बसा.

त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप समारंभ दोन दिवसांवर होता. त्यांना केस आधी उजळवून मग तो तांबूस रंग लावून हवा होता. त्याच्या आदल्याच आठवड्यात तुम्ही मागच्या खोलीचं सगळं माझ्याकडे सोपवलं होतंत. "आता हे तू बघ, माझ्या डोक्याला ताप नको." मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. पावडर कालवायच्या डेव्हलपरचे मोठे कॅन यायचे, ते मी लहान पांढऱ्या बाटल्यांत भरून ठेवायची. वीस नंबरचं डोक्याच्या कातडीला चालतं, चाळीसचं दुप्पट जहाल, फक्त केसांच्या टोकांना, कातडीला लागू द्यायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. त्या सकाळी मी घाईत होते. गिऱ्हाइकं खोळंबली होती. वीसची रिकामी बाटली धरली आणि समोरच्या कॅनमधून भरली. कॅन चाळीसचा होता. बाटलीवर लेबल वीसचं. दोन्ही दुधासारखी पांढरी, वासही एकच.

तुम्ही लेबल वाचलंत. मोठ्यानं वाचलंत, ही तुमची सवय. "वीस." मला मागच्या खोलीत ऐकू आलं. मग पावडर कालवली आणि लावली.

मधे तुम्हाला शाळेतून फोन आला, लेकीला ताप भरला होता म्हणून. तुम्ही दाराशी जाऊन बोललात. किती वेळ? मी घड्याळ पाहिलं होतं, ताई. चार मिनिटं. चार मिनिटांनी काही होत नाही. आपण एरवी वीस मिनिटं सहज ठेवायचो.

त्या "चुरचुरतंय" म्हणाल्या, तुम्ही धावलात, धुतलंत, तोवर कानामागे पोळलं होतं. आत मी कॅनकडे पाहिलं. त्यावर चाळीस लिहिलं होतं. तुम्ही बाहेर त्यांच्या डोक्यावर गार पाणी सोडत होतात आणि आत मी ती बाटली बेसिनमध्ये ओतत होते. ओतली, धुतली, परत धुतली, आणि खऱ्या वीसच्या कॅनमधून भरून फळीवर ठेवली.

भरण्याआधी, बाटली नळाखाली असतानाच, तुम्ही टॉवेल घ्यायला आत आलात. तुम्ही बाटलीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "कपडे भिजले तुझे, बदल." आणि गेलात.

त्या एका वाक्याच्या भरवशावर मी सात वर्षं काढली. मला वाटलं, तुम्ही ओळखलंत. मला पाठीशी घातलंत, मोठेपणानं गप्प बसलात. मी तुमच्यावर मनातल्या मनात कितीदा जीव ओवाळून टाकला असेल! आणि कितीदा चिडलेही, की एकदा तोंडावर का नाही बोलत. तुम्ही फोन भाऊजींकडे द्यायच्या तेव्हा मी म्हणायची, बरोबर आहे, राग आहे, असायलाच हवा.

आणि तुम्ही फक्त माझे भिजलेले कपडे पाहिले होतेत.

अजून आहे. त्या संध्याकाळी तुम्ही खुर्चीवर बसून मला विचारलंत, "छोटी, माझं फोनवर फार वेळ झालं का ग?" मी त्या वेळी केर काढत होते. मी वर न बघता म्हटलं, "झालं असेल, ताई. तुम्ही बोलत होतात खऱ्या."

बाटली ओतली ती भीतीनं. त्या वेळी यांना काम नव्हतं, घर माझ्यावर होतं, तुम्ही मला काढून टाकाल असं वाटलं. तुम्ही काढलं नसतंत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण हे वाक्य मी भीतीनं बोलले नाही. तुम्हीच स्वतःवर घेत होतात आणि मी नुसता हात पुढे करून ते तुमच्या अंगावर ढकललं. किती सोपं गेलं, तेच मला आठवतं.

आणि सगळंच सांगते. गिऱ्हाइकं दारातून "मोठ्या बाई आहेत का?" विचारायची आणि तुम्ही नसलात तर "मग उद्या येते" म्हणून जायची. त्या प्रकारानंतर पंधरा दिवसांत ती "छोट्या बाईंकडेच करायचं" म्हणू लागली. मला आनंद झाला. लपवून, तोंड पाडून, पण झाला. तुम्ही कोपऱ्यात टॉवेल घड्या घालत बसायला लागलात आणि मी तुमच्या खुर्चीमागे उभी राहायला लागले. भाऊजींची बदली आली तेव्हा सगळे म्हणाले, बदलीमुळे गेले. बदली तर निमित्त होतं. तुम्ही दोन महिने आधीच कात्री हातात घेणं सोडलं होतंत.

आणि त्याच गोष्टीवर मी त्रेचाळीस जणींच्या टाळ्या घेतल्या. "त्यांनी हार मानली, मी नाही मानली," असंही म्हणाले मी, ताई. मागच्या पत्रात ते वाक्य गाळलं होतं.

माफी मागत नाही. म्हणजे मागायची आहे, पण आज मागितली तर ती माझ्याच सोयीची होईल. आधी कळू द्या. उद्या सकाळी हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकीन. कुणाच्या हाती दिलं तर मधेच परत मागून घेईन, मला माझा भरवसा नाही.

छोटी


रविवार, १० मार्च

ताई,

तुमचा फोन आला त्या दिवशी मी हातातला ड्रायर बंद करायलाही विसरले होते, त्यामुळे तुम्ही दोनदा बोललात की एकदा, ते मला नीट कळलं नाही. मी ऐकलं ते इतकंच, "सात वर्षं, छोटी." मग तुम्ही ठेवून दिलात. खुर्चीवरची बाई म्हणाली, "वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, "नाही, जुनी आहे."

त्यानंतर मी तुम्हाला फोन केला नाही. तुम्ही उचलावा अशी माझी पात्रता नाही. पण तुमच्या नावावर जे खपत होतं, ते मी कुठे कुठे आणि कसं मागे घेतलं, हे तुम्हाला कळणं तुमचा हक्क आहे. म्हणून हे पत्र.

आधी यांना सांगितलं. तुम्हाला तर माहीतच आहे, आई गेल्यावर तुम्हीच यांना वाढवलं, आजही तुमचं नाव निघालं की हे सरळ बसतात. मी सगळं सांगून झाल्यावर यांनी एकच विचारलं, "हे मला सांगायला तुला सात वर्षं लागली?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "मुख्याध्यापिकाबाईंकडे कधी जातेस? मी खाली थांबतो."

गेलो. त्या आता निवृत्त, एकट्याच राहतात, दुसऱ्या मजल्यावर. घरात भिंतभर पुस्तकं आणि खिडकीत कुंड्या. केस पांढरे ठेवलेत, आखूड. कानामागे तळहाताएवढा भाग तसाच आहे, ताई, गुळगुळीत. त्या झाकत नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही, वर्गात एखादी मुलगी कबुली देत असावी तशा ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बस."

मी बसले.

"त्या दिवशी तुझ्या जाऊबाई माझ्या पाया पडायला वाकल्या होत्या. मी त्यांना काय म्हणाले, आठवतं?"

आठवत होतं. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या होत्या, तुमच्या हातात कुणी कात्री देता कामा नये.

"आणि त्यांनी ऐकलं," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "सबंध नोकरीत मुलांनी माझं इतकं ऐकलं नाही." मग उठून त्यांनी एका कुंडीतलं वाळलेलं पान खुडलं. "ते वाक्य मी चुकीच्या बाईला बोलले. आता ते तुला बोलू का, तर तेवढी आग आता माझ्यात उरलेली नाही. तू त्यांचा पत्ता दे."

मी म्हटलं, विचारल्याशिवाय देणार नाही. त्यांना ते पटलं. आतून कागद घेऊन आल्या आणि माझ्यासमोरच लिहायला बसल्या. ते पत्र या पाकिटात आहे. बंद आहे. वाचायचं की नाही, ते तुमच्यावर.

निघताना म्हणाल्या, "तू शिकवणार आहेस म्हणे. ऐकलं मी कुणाकडून तरी." मी म्हटलं, बहुतेक आता नाही. त्या दारात थांबल्या. "शिकव. पण खोटं शिकवू नकोस, ते मुलांच्या फार लक्षात राहतं."

मग सरांना फोन केला की त्या फुकट वर्गाचं चित्रण मी काढून टाकते आहे आणि पहिल्या गुरुवारी खरं सांगणार आहे. सर गडबडले. "मॅडम, आपली कमकुवत बाजू दाखवायची असते, मान्य. पण एवढी नाही हो!" मग म्हणाले, नाहीतर कार्यक्रम पुढे ढकला, लोक विसरतील. ताई, खोटं सांगणार नाही, मला मोह झाला. मी मनात तारीखही काढून ठेवली, एप्रिलमधली. मग वाटलं, सात वर्षं मी हेच केलं, पुढे ढकललं.

या गुरुवारी, सात तारखेला, दुपारी चारला वर्ग सुरू झाला. बाराच्या बारा हजर. "यांना विचारून सांगते" म्हणणारीही होती, आणि तिचे "हे"ही मागे डोकावत होते. मी गोल दिवा लावला नाही. म्हटलं, आजचा धडा सुरू करण्याआधी मागच्या वेळची एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. मग जसं तुम्हाला लिहिलं तसंच सांगितलं. बाटली मी भरली, लेबल चुकीचं होतं, मी ती ओतून दिली, आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंना त्यांचीच चूक आहे असं वाटू दिलं. हार त्यांनी मानली नव्हती. त्यांची कात्री मी काढून घेतली होती. जे मला येतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं आहे. तुमचं नाव घेतलं नाही, कारण तुम्ही नको म्हणालात आणि ती परवानगी पुन्हा मागायचं धाडस अजून झालेलं नाही.

बारा खिडक्यांत बारा चेहरे, एकीच्या घरी कुकरची शिट्टी तेवढी झाली. एक खिडकी बंद झाली, मग दुसरी. दुसऱ्या दिवसापर्यंत चार जणींनी नावं मागे घेतली. एकीनं लिहून पाठवलं, "ज्या बाईनं घरच्या माणसाशी असं केलं, तिच्याकडून मी विश्वास कमवायला शिकू?" मी तिला लिहिलं, तुमचं बरोबर आहे. दुसरं काय लिहिणार!

पण त्या दिवशी वर्गात आधी बोलली ती स्वयंपाकघरात केस कापणारी. तिनं पुढे झुकून विचारलं, "मग मॅडम, आता तुमच्याकडे बाटल्या कोण भरतं?"

मी म्हटलं, मी भरते, आणि दोघींपैकी एक मुलगी कॅन आणि लेबल ताडून बघून सही करते. सहीशिवाय बाटली फळीवर जात नाही. गेली सात वर्षं.

"म्हणजे चूक काय होती ते तुम्हाला पक्कं कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग हे आधी शिकवा ना. गोष्टी नंतर."

आठ जणींनी वह्या उघडल्या. मी सांगत गेले, कॅन कुठे ठेवायचे, दोन नंबर एका फळीवर का ठेवायचे नाहीत, डोकं चुरचुरलं तर पहिल्या मिनिटात काय करायचं आणि दुसऱ्यात काय. आणि चूक झाली की ती तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, कुणाची आहे ते कसं म्हणायचं. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं.

मला हलकं वाटतंय का, असं यांनी काल विचारलं. नाही वाटत. उलट आता कळतंय की माझं ओझं कसलं होतं आणि तुमचं कसलं. मी सात वर्षं लपवत होते, पण लपवताना मी धंदा केला, मुलं वाढवली, हसले, पार्लर वाढवलं. तुम्ही सात वर्षं स्वतःच्या हातांकडे संशयानं पाहत चादरी मोजल्यात. हे मी कशानंही भरून देऊ शकत नाही, आणि भरून देते असं म्हणणारही नाही.

भाऊजींचा आज सकाळी फोन आला होता. तुम्हाला माहीत नसेल. त्यांना रागावू नका. सुरुवातीला पाच मिनिटं नेहमीप्रमाणे टाकीच. मग म्हणाले, "ती तुझ्यावर फार चिडलीये. तुझं नाव काढू देत नाही. इथे यायचा विचारही करू नकोस सध्या." मी म्हटलं, नाही करत. त्यावर म्हणाले, "पण मागच्या रविवारी मला बाल्कनीत बसवलं. गळ्याभोवती टॉवेल बांधला. मी म्हटलं, काय करतेस, तर म्हणाली, गप्प बस आणि मान हलवू नकोस. केस कापले माझे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चांगले कापलेत," भाऊजी म्हणाले. "कान दोन्ही शाबूत आहेत."

ताई, मी तुमच्या दाराशी येणार नाही, फोन करणार नाही, कुणाकरवी मध्यस्थी घालणार नाही. तुमचा राग हवा तितकी वर्षं तुमच्याकडे राहू द्या. तो तुमचा आहे, आणि खरा आहे. मी या पत्राला उत्तर मागत नाही. हे अर्ध्यावर ठेवून दिलंत तरी चालेल, फक्त एवढी एक ओळ वाचा, हवं तर भाऊजींकडून मोठ्यानं वाचून घ्या.

तुमचे हात कधीच चुकले नव्हते.

धाकटी